समानार्थी शब्द पाठ करू नका, जोखून घ्या: इंग्रजी शब्दसंपत्ती वाढवण्याची एक रीत

सोलापुरात टॉवेल बाहेरदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात मी बरीच वर्षं पत्रव्यवहार पाहिला. नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात एका नव्या ग्राहकाला मी लिहिलं होतं, ‘अवर टॉवेल्स आर थिन अँड चीप.’ मला म्हणायचं होतं, आमचा टॉवेल वजनाला हलका आहे आणि किमतीला परवडणारा आहे. शब्दकोशात पाहूनच लिहिलं होतं. ‘थिन’ म्हणजे पातळ, ‘चीप’ म्हणजे स्वस्त. ग्राहकाचं उलट पत्र आलं की आधी नमुने पाठवा, मालाचा दर्जा पाहू, मग दराचं बोलू. एका वाक्यानं आमचाच माल आम्ही हलक्या प्रतीचा ठरवला होता. ‘लाइटवेट’ आणि ‘अफोर्डेबल’ हे दोन शब्द त्या दिवशी मला माहीत नव्हते असं नाही. ते ‘थिन’ आणि ‘चीप’पेक्षा वेगळे आहेत, एवढंच माहीत नव्हतं.

आता संध्याकाळी मी मुलांना इंग्रजी शिकवतो. स्पर्धा परीक्षेची मुलं असतात, पुण्यात नोकरीसाठी मुलाखतीला जाणाऱ्या मुली असतात, एखादा यंत्रमागवाला दुकानदारही असतो. सगळ्यांच्या हातात एकच वही असते: डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, ए पासून झेडपर्यंत. ती वही आधी बाजूला ठेवायची. पुढं काय करायचं ते सविस्तर सांगतो.

आधी किती आणि कोणते, ते ठरवा

इंग्रजी शब्दांचा समुद्र पाहून घाबरायला होतं, म्हणून थोडे आकडे. शब्दसंपत्तीचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या 2006 सालच्या हिशोबानुसार इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र मदतीशिवाय वाचायला 8 ते 9 हजार शब्दकुळं लागतात. शब्दकूळ म्हणजे ‘अस्यूम’, ‘अझम्प्शन’, ‘अस्यूम्ड’ ही सगळी एका घरची माणसं एकत्र मोजायची. रोजच्या साध्या इंग्रजीची दोनेक हजार कुळं शाळा-कॉलेजातून आलेल्या बहुतेकांकडे असतात. त्यांच्यानंतर लगेच कोणती घ्यायची याचं तयार उत्तर आहे. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली ‘अकॅडमिक वर्ड लिस्ट’ नावाची 570 कुळांची यादी केली. अभ्यासाच्या पुस्तकांत, अहवालांत, अग्रलेखांत सतत भेटणारे शब्द त्यात आहेत: ‘असेस’, ‘डिराइव्ह’, ‘सिग्निफिकंट’, ‘कन्सिस्टंट’. ती यादी नेटवर फुकट मिळते.

माझा सल्ला असा की दिवसाला 5 शब्द घ्या, जास्त नको. त्यातले 3 या यादीतले आणि 2 तुम्ही त्या आठवड्यात वाचताना स्वतः गाठलेले. वाचायला इंग्रजी पेपर घरी येत नसेल तर हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन बसा. रोज एकच अग्रलेख, पण पूर्ण. एखादा शब्द एकदा अडला तर पुढं जा, दुसऱ्यांदा अडला तर वहीत घ्या. दोनदा भेटलेला शब्द तिसऱ्यांदा भेटायची शक्यता बरीच असते, आणि ज्याची पुन्हा गाठ पडणार नाही तो शब्द पाठ करून फारसं काही हाती लागत नाही.

शब्दकोश कोणता आणि तो कसा वाचायचा

इंग्रजी-मराठी शब्दकोश अर्थाच्या दारापर्यंत आणून सोडतो. आत जायला शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश लागतो: ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स, लाँगमन, केंब्रिज किंवा कॉलिन्स कोबिल्ड. लाँगमनमध्ये अर्थ सांगताना साधारण 2000 सोपेच शब्द वापरलेले असतात, त्यामुळं एक शब्द समजायला आणखी चार शब्द शोधावे लागत नाहीत. या सगळ्यांची ऑनलाइन आवृत्ती फुकट पाहता येते.

मुलं अर्थ वाचतात आणि शब्दकोश मिटतात. अर्थाच्या आधी किंवा बाजूला बारीक अक्षरात ‘फॉर्मल’, ‘इन्फॉर्मल’, ‘डिसअप्रूव्हिंग’, ‘लिटररी’ असं काहीतरी लिहिलेलं असतं, ते वाचत नाहीत. माझी चूक तिथंच झाली होती. ‘स्किनी’पुढं नापसंतीची खूण असते, ‘स्लिम’पुढं कौतुकाची. आपल्याकडं ‘किडकिडीत’ आणि ‘सडपातळ’ यांत जो फरक आहे तोच हा. लग्नाच्या बोलणीत मुलीला कोणी किडकिडीत म्हणत नाही. इंग्रजीतही हे भान हवंच.

अर्थ वाचून झाला की उदाहरणाची वाक्यं वाचा आणि उच्चार ऐका. उच्चार सोडून दिलेला शब्द बोलताना तोंडात येत नाही, माणूस तो टाळतो.

समानार्थी शब्द: एका नजरेत पाच शब्द

आता मुख्य गोष्ट. समानार्थी शब्द म्हणजे एकमेकांच्या जागी बसणारे शब्द, असं शाळेत शिकवतात. तसे शब्द इंग्रजीत फारच थोडे आहेत आणि मराठीतही तसंच आहे. आपण भाजी चिरतो, केस कापतो, फूल खुडतो, झाड तोडतो. कोणी ‘फूल चिरलं’ म्हटलं तर आपल्याला लगेच खटकतं. इंग्रजीतही असं खटकलं पाहिजे, आणि ते खटकणं सरावानं येतं.

सोलापूरच्या उन्हाळ्यावरूनच पाहू. एप्रिल उजाडला की उजनीतलं पाणी किती टक्क्यांवर आलं याची चर्चा सुरू होते आणि नळाला काही दिवसांआड पाणी येतं. इंग्रजी पेपरात त्याला शब्द येतो ‘स्केअर्स’. थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, उघडला तर त्याच्या शेजारी ‘रेअर’, ‘स्पार्स’, ‘स्कँटी’, ‘मीगर’ असे शब्द दिसतात. मुलं पाचही शब्दांसमोर ‘कमी’ लिहून मोकळी होतात.

आता शहराबाहेर पडा. नान्नजकडं गेलात तर माळढोकाचं अभयारण्य लागतं, 1979 साली झालेलं. माळढोक आता दिसत नाही म्हटलं तरी चालेल. तो ‘रेअर’, म्हणजे दुर्मीळ. त्याच माळरानावर झुडपं लांब-लांब उभी आहेत. ती ‘स्पार्स’, म्हणजे विरळ. या भागात पाऊस बेताचा पडतो, तो ‘स्कँटी’, म्हणजे अपुरा. परत शहरात या. विड्या वळणाऱ्या बाईच्या हातात दिवसाच्या शेवटी जे पैसे पडतात ते ‘मीगर’, म्हणजे तुटपुंजे. आणि नळाचं पाणी ‘स्केअर्स’: गरज सगळ्यांना, पण मिळत नाही. त्याचा तुटवडा आहे.

दुर्मीळ, विरळ, अपुरा, तुटपुंजा, तुटवडा. पाच इंग्रजी शब्दांना मराठीत पाच वेगळे शब्द हजर आहेत, म्हणजे फरक आपल्याला आधीपासून कळतो. ‘कमी’ या एका गोणीत सगळं भरायची सवय तेवढी मोडायची. म्हणून माझ्या वर्गात नियम आहे: दोन इंग्रजी शब्दांसमोर एकच मराठी अर्थ लिहायचा नाही. वेगळा मराठी शब्द सापडेपर्यंत थांबायचं. आईला विचारा, आजीला विचारा. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल तर तिथला शब्द लिहिला तरी चालेल.

मग अदलाबदलीची कसोटी लावायची. प्रत्येक शब्द दुसऱ्याच्या वाक्यात घालून पाहायचा. ‘रेअर बर्ड’ बरोबर, ‘मीगर बर्ड’ चूक. ‘स्केअर्स जॉब्ज’ बरोबर, ‘स्पार्स जॉब्ज’ कानाला खटकतं. ‘स्पार्स पॉप्युलेशन’ मात्र चालतं, कारण माणसंही झुडपांसारखी लांब-लांब राहू शकतात. शंका आली तर शब्दकोशातली उदाहरणं पाहा. चार-पाच शब्दांच्या एका गटाला अर्धा तास लागतो. तो लागू द्या.

याच पद्धतीनं करण्यासारखे आणखी काही गट देतो, जुळणी तुम्ही करा. ‘थ्रिफ्टी’, ‘फ्रूगल’, ‘स्टिंजी’, ‘मायझर्ली’: काटकसरी कुठं संपतो आणि चिक्कू कुठं सुरू होतो? ‘टिनेशस’, ‘पर्सिस्टंट’, ‘ऑब्स्टिनेट’: चिवट, नेटानं करणारा, हेकट. ‘अरोमा’, ‘सेंट’, ‘ओडर’, ‘स्टेंच’: शेंगाचटणी कुटताना येतो तो कोणता आणि तुंबलेल्या गटारीचा कोणता?

शब्दाची निवड माणूस कुणाच्या बाजूनं उभा आहे तेही सांगते. मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, इंग्रजांनी इथं लष्करी कायदा लावला, आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी दिली. त्या दिवसांबद्दल लिहिताना एक माणूस ‘रायट’ लिहील आणि दुसरा ‘अपरायझिंग’. दंगल आणि उठाव. थिसॉरसमध्ये हे शब्द जवळजवळ सापडतील, पण आपण कोणता वापरायचा हे चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोरून रोज जाणाऱ्याला सांगावं लागत नाही.

इंग्रजीचे तीन मजले

1066 साली नॉर्मंडीच्या लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबारात, कोर्टात फ्रेंच आली. विद्वानांची लॅटिन तर होतीच. त्यामुळं एकाच गोष्टीला पुष्कळदा तीन शब्द झाले. घरातला ‘आस्क’, मधला ‘क्वेश्चन’, वरचा ‘इंटरॉगेट’. ‘बिगिन’, ‘कमेन्स’, ‘इनिशिएट’. ‘फिअर’, ‘टेरर’, ‘ट्रेपिडेशन’. वर जावं तसा शब्द औपचारिक होतो.

हे सोलापूरकराला समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. लहान मुलाला ‘बा’ आणि पाहुण्याला ‘बन्नी’ म्हणायचं, हे कन्नड बोलणारं पोर चौथ्या वर्षी शिकतं. शेजाऱ्याला आपण म्हणतो, ‘आमच्याकडं जेवायला या’, आणि पत्रिकेत छापतो, ‘भोजनास उपस्थित राहावे’. मित्राला मेसेज करताना ‘कमेन्स’ लिहिलं तर पत्रिकेच्या भाषेत गप्पा मारल्यासारखं होतं. ॲडव्हान्स्ड शब्द म्हणजे अवघड शब्द, अशी पुष्कळांची समजूत असते. मुलाखतीत ‘हेल्प’ म्हणायच्या जागी ‘फॅसिलिटेट’ कोंबणारी मुलं मी पाहिली आहेत. समोरच्याला त्यातलं पाठांतर लगेच ऐकू येतं. वहीत प्रत्येक शब्दापुढं 1, 2 किंवा 3 असा मजला लिहा.

उपसर्ग आणि धातू: हे आपल्या घरचं काम आहे

संस्कृत शिकलेल्यांना एक जुना श्लोक आठवेल: उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते, प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्. एकच ‘हृ’ धातू, पण पुढं प्र, आ, सं, वि, परि लागले की अर्थ कुठल्या कुठं जातो. लॅटिनमधून आलेली इंग्रजी अगदी अशीच चालते. ‘ड्यूस’चा मूळ अर्थ नेणं, ओढणं. ‘रिड्यूस’ कमी करणं, ‘इंड्यूस’ प्रवृत्त करणं, ‘डिड्यूस’ निष्कर्ष काढणं. त्याच घरातला ‘कंड्यूसिव्ह’, म्हणजे पोषक.

त्याहून आनंदाची गोष्ट अशी की पुष्कळ लॅटिन धातू आपल्या धातूंचे लांबचे भाऊ आहेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमाच्या असाव्यात, हे विल्यम जोन्स यांनी 1786 साली कोलकात्यात मांडलं. ‘नोव्ह’ आणि नव, ‘मॉर्ट’ आणि मृत, ‘डेंट’ आणि दंत, ‘व्होक’ आणि वाच, ‘फर’ आणि भृ, म्हणजे भार वाहणं. आता ‘व्होसिफरस’ हा अवघड दिसणारा शब्द फोडा: वाच आणि भृ, आवाज वाहून नेणारा, म्हणजे मोठमोठ्यानं आपलं म्हणणं मांडणारा. ‘मॉरिबंड’ म्हणजे मरणपंथाला लागलेला. बंद पडत चाललेल्या गिरणीला हा शब्द लागतो, आणि गिरण्या बंद पडलेल्या आपण डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

मात्र फोड करून मिळालेला अर्थ हा अंदाज समजा आणि शब्दकोशात खात्री करा. ‘इन’ पाहून ‘इनव्हॅल्युएबल’चा अर्थ ‘बिनकिमतीचा’ असा घेणारे पुष्कळ आहेत. त्याचा अर्थ अमूल्य. आपल्या ‘अमूल्य’मध्येही नकाराचा ‘अ’ आहेच, मोल करता येणार नाही इतका मोठा.

आपल्या धंद्यातले शब्द आधी

‘टेक्स्ट’ आणि ‘टेक्स्टाइल’ हे दोन्ही विणणं या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूतून आले. ‘कॉन्टेक्स्ट’ म्हणजे एकत्र विणलेलं. मागावर वाढलेल्या माणसाला इंग्रजीतले कितीतरी वरच्या दर्जाचे शब्द हातानं ओळखता येतात. ‘शटल’ म्हणजे धोटा. तो इकडून तिकडं, तिकडून इकडं धावतो. म्हणून दोन ठिकाणांमध्ये ये-जा करणारी गाडी ‘शटल’ आणि दोन देशांमध्ये फेऱ्या मारून केलेली बोलणी ‘शटल डिप्लोमसी’. ‘वार्प’ म्हणजे ताणा, आणि ‘वार्प्ड’ म्हणजे वाकडा, पिळवटलेला. ‘सोशल फॅब्रिक’ म्हणजे समाजाची वीण.

प्रोसेसिंगमध्ये कापड ताणून वाळवायचं स्टेंटर मशीन सोलापुरात पुष्कळांनी पाहिलंय. पूर्वी हे काम लाकडी चौकटीवर व्हायचं, तिचं नाव ‘टेंटर’. ओलं कापड तिच्या आकड्यांना अडकवून ताणायचे. त्या आकड्यांवरून ‘ऑन टेंटरहुक्स’ आलं: निकालाची वाट पाहताना माणूस त्या कापडासारखा ताणलेला असतो. वर्गात हे सांगितल्यावर स्टेंटरवर काम करणाऱ्याचा एक मुलगा म्हणाला, ‘सर, हा शब्द मला पाठ करावा लागणार नाही.’ तुमचा धंदा शेतीचा असेल, दवाखान्याचा असेल, सोनारकामाचा असेल, तिथले 50 इंग्रजी शब्द आधी काढा आणि त्यांचे लांबचे अर्थ शोधा.

कार्डांचा खोका

विसरणं हा दोष नाही, डोकं असंच चालतं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं 1885 साली स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की नवीन पाठांतर सुरुवातीला फार झपाट्यानं निसटतं आणि अंतर ठेवून उजळणी केली की टिकतं. त्यावरचा सोपा उपाय सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 साली लोकप्रिय केला: पाच कप्प्यांचा खोका.

चपलेचा खोका घ्या आणि पुठ्ठ्यानं पाच कप्पे करा. कार्डांसाठी जुन्या लग्नपत्रिका कापा, मागची बाजू कोरी असते. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज पाहायचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्यानं, चौथा पंधरवड्यानं, पाचवा महिन्यानं. उत्तर आलं की कार्ड एक कप्पा पुढं, चुकलं की थेट पहिल्यात. पुण्याला हुतात्मा एक्स्प्रेसनं जाताना चार तास मिळतात, दुसऱ्या कप्प्याचा गठ्ठा खिशात ठेवा. मोबाइलवर हेच करणारी अँकीसारखी ॲप आहेत. पण पहिले तीन महिने हातानं लिहा, स्पेलिंग बोटांत बसतं.

कार्डावर काय लिहायचं यात सगळं आहे. पुढच्या बाजूला नुसता शब्द नको, गाळलेल्या जागेचं वाक्य हवं: ‘ड्युरिंग समर, वॉटर बिकम्स ––– इन अवर एरिया.’ मागच्या बाजूला शब्द, त्याचा नेमका मराठी अर्थ आणि मजला. कौतुकाचा असेल तर अधिकची खूण, नापसंतीचा असेल तर उणेची. मग त्याचे सोबती, म्हणजे तो कुणाबरोबर नांदतो: ‘स्केअर्स रिसोर्सेस’, ‘स्केअर्स जॉब्ज’. मग कुळातला नवखा: ‘स्केअर्सली’चा अर्थ ‘जेमतेम’ असा वेगळाच होतो. शेवटी तुमचं स्वतःचं एक वाक्य, आणि तेही खरं. ‘राम इज अ गुड बॉय’ छापाचं वाक्य आठवणीत राहत नाही.

सोबती लिहायचा कंटाळा करू नका. चहा ‘स्ट्राँग’ असतो, ‘पॉवरफुल’ नसतो, आणि इंजिन ‘पॉवरफुल’ असतं. आपलाही चहा कडक असतो, बलवान नसतो. चूक ‘मेक’ करतात, गुन्हा ‘कमिट’ करतात. याला नियम नाही, ते ऐकून आणि वाचूनच येतं.

रोज पाच ओळी

दिवसाच्या शेवटी इंग्रजीत पाच ओळी लिहा, विषय आजचाच. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला जाऊन आलात तर तेच. पहिल्यांदा येईल तसं लिहा: ‘देअर वॉज अ बिग क्राउड. द लाइट्स वेअर व्हेरी ब्यूटिफुल.’ मग ‘व्हेरी’, ‘बिग’, ‘गुड’, ‘नाइस’ यांखाली रेघ मारा आणि प्रत्येकाला विचारा, मी नेमकं काय पाहिलं? गर्दीत पाय ठेवायला जागा नव्हती? मग ती ‘डेन्स’. ती रेटत होती, ढकलत होती? मग ‘जॉसलिंग’. दिवे डोळे दिपवत होते की तळ्याच्या पाण्यात हलत होते? पहिलं असेल तर ‘डॅझलिंग’, दुसरं असेल तर ‘शिमरिंग’. दोन शब्द बदलले तरी पुरे, पाचही ओळी सजवू नका. आठवड्यातून एकदा चांगलं इंग्रजी येणाऱ्या कुणाकडून तपासून घ्या.

परीक्षेतले समानार्थी शब्दांचे प्रश्न सोडवताना पर्याय वाचण्याआधी शब्दाचा अर्थ मनात मराठीत म्हणा. मग मजला आणि अधिक-उणे जुळत नाही ते पर्याय खोडा. बहुधा दोन उरतात. त्यांना वाक्यात घालून पाहा. एवढंच.

माझ्या त्या पहिल्या पत्राचा मजकूर मी प्रत्येक नव्या बॅचला दुरुस्तीला देतो. बहुतेक जण ‘चीप’ खोडून ‘अफोर्डेबल’ लिहितात, ‘थिन’च्या जागी ‘लाइटवेट’ लिहितात आणि कागद परत देतात. यंदा एका मुलीनं पेन खाली ठेवून विचारलं, ‘सर, टॉवेल किती जीएसएमचा होता? तीनशेचा असेल तर लाइटवेट लिहिते. सहाशेचा असेल तर ते खोटं होईल.’ जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. मी तिला फाइलमधला जुना आकडा काढून दिला, मग तिनं शब्द लिहिला.